बेसचा वॉर्म टोन हवा असेल तर ट्रस रॉड सोडू नका

‘जेम्स जेमरसनसारखा वॉर्म टोन घरबसल्या’ असा एक मेसेज सध्या बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. जेमरसन म्हणजे अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा नावाजलेला बेसवादक. पाच उपाय, आणि खाली ‘पुढे पाठवा’. तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. गणपतीतले ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम तोंडावर आलेत आणि पहिल्याच उपायानं त्याच्या बेसची नेक, म्हणजे तारा दाबतो ती लांब मान, धनुष्यासारखी वाकली आहे.

तो पहिला उपाय नेकच्या आतल्या पोलादी सळईबद्दल, म्हणजे ट्रस रॉडबद्दल: ‘ट्रस रॉड पूर्ण सैल करा, लाकूड मोकळं होतं, टोन उबदार होतो.’ हे ज्यानं लिहिलं त्यानं नेकच्या आत काय असतं ते कधी पाहिलेलं नाही. चार तारांच्या बेसवर नेहमीच्या जाडीच्या तारा सुरात लावल्या की नेकवर 75 किलोच्या आसपास ओढ बसते. ती नेकला पुढे वाकवू पाहते आणि आतला पोलादी रॉड तिला उलट्या बाजूनं धरून ठेवतो. तो सोडलात की मधल्या फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा उंच जातात, दाबायला जोर लागतो, आणि दाबताना तार जास्त ताणली जाते म्हणून सूर चढा लागतो. मोकळा रॉड आत खुळखुळतो तो वेगळाच. वर आपला पावसाळा. दमट हवेत लाकूड आधीच हलत असतं. त्यात नेक तशीच ताणाखाली ठेवली तर तो बाक कायमचा बसू शकतो.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. जेमरसनच्या 1962 च्या फेंडर प्रिसिजनची नेक खरोखर वाकलेली होती असं सांगतात, तारा खूप उंच होत्या, आणि त्यामुळे आवाज चांगला येतो असं त्याचं मत होतं. पण तो मुळात डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचा मोठा उभा बेस, वाजवणारा. त्याच्या बोटांना ती उंची पेलत होती. तुम्हाला उंच तारा हव्याच असतील तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे, ॲलन कीनं वर घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नको वाटलं तर पुन्हा खाली घेता येतात.

‘तारांना खोबरेल तेल लावा.’ लावू नका. तेल तारेच्या वेटोळ्यांत शिरतं, धूळ धरतं, आणि पॉलिश नसलेल्या फिंगरबोर्डवर चिकटा होतो.

‘ॲम्पवर बेसचा नॉब पूर्ण, बाकी शून्य.’ मोकळी ई तार 41 हर्ट्झवर वाजते. सरावाच्या छोट्या ॲम्पचा स्पीकर तिथपर्यंत नीट पोहोचतच नाही. नुसता घुमतो आणि ड्रम्समध्ये बेस हरवतो. कानाला जो उबदारपणा जाणवतो तो बराचसा 100 ते 300 हर्ट्झच्या पट्ट्यात आहे, आणि बाकी नॉब शून्यावर नेले की त्या पट्ट्याचा वरचा भाग कापला जातो.

‘जुना तेल-कागदाचा कपॅसिटर बसवा.’ टोन नॉब खाली आणल्यावर किती ट्रेबल (वरचा तीक्ष्ण आवाज) कापला जाईल हे कपॅसिटरच्या मायक्रोफॅरडवर, म्हणजे क्षमतेवर ठरतं, त्याच्या वयावर किंवा किमतीवर नाही. शिवाय जेमरसन टोन नॉब पूर्ण उघडा ठेवायचा असं सांगतात. नॉब उघडा असताना कपॅसिटरचा परिणाम नगण्य असतो.

‘तारा कधीच बदलू नका.’ हे जेमरसननं केलं, खरं आहे. पण त्याच्या तारा ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) होत्या, आणि त्या जुन्या होतील तशा गोड होत जातात. भाच्याच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा जुन्या झाल्या की मंद होतात आणि सुरात राहीनाशा होतात.

मेसेजनं जेमरसनचं नाव वापरलं आणि त्यानं काय केलं तेच गाळलं. फ्लॅटवाउंड तारा. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताची फक्त तर्जनी. आणि डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बहुतेकदा ॲम्पशिवाय, थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये. फोम हे काही त्याचं गुपितही नव्हतं. फेंडर कंपनी स्वतःच झाकणाखाली म्यूट (आवाज दाबणारा तुकडा) बसवून बेस विकत असे. लॉस एंजेलिसमध्ये बेसवादक कॅरल के पिकनं वाजवायची आणि तारांवर फेल्ट ठेवायची. ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवा, बोट नेकच्या दिशेला आणून छेडा, टोन नॉब अर्ध्यावर आणा. खर्च जवळपास शून्य, आणि फरक पहिल्याच स्वराला ऐकू येतो.

ज्यांनी रॉड सोडलाच आहे त्यांनी आधी तारा ढिल्या करा. रॉड एका दमात आवळू नका. नटाचे आटे जातात, कधी रॉडच तुटतो. सेटअप करणाऱ्या माणसाकडे न्या. तो पाव-पाव फेरा फिरवेल आणि मध्ये नेकला स्थिरावायला वेळ देईल, त्याला घाई करू नका.