संस्कृती वाचली, स्विमसूट सेशेल्सला गेला

'या सौंदर्यस्पर्धा आल्या आणि आपल्या मुली बिघडल्या' असं कुणी म्हणालं की मला १९९६चं बंगळूर आठवतं.

अमिताभ बच्चनच्या एबीसीएल कंपनीने मिस वर्ल्ड पहिल्यांदा भारतात आणली ती तिथे, चिन्नास्वामी स्टेडियममध्ये. विरोधाला कोण नव्हतं? संस्कृती बुडाली म्हणणारे उजवे होते, बाईचा बाजार मांडलाय म्हणणाऱ्या डाव्या महिला संघटना होत्या, आणि शेतकरी नेते नंजुंडस्वामींचा कर्नाटक राज्य रयत संघही होता. याच रयत संघाच्या लोकांनी त्या वर्षी जानेवारीत केंटकी चिकनचं दुकान फोडलं होतं. त्यांच्या लेखी कोंबडी काय, परदेशी बियाणं काय आणि मिस वर्ल्ड काय, सगळी उदारीकरणाचीच पिलावळ. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभे न राहणारे लोक एकाच फाटकाबाहेर घोषणा देत होते. यातल्या प्रत्येकाचं भांडण खरं होतं, पण ते दुसऱ्याच कुणाशी होतं. स्पर्धा आयती सापडली. कॅमेरे आधीच लागलेले होते ना!

एका महिला संघटनेने आत्मदहनाची धमकी दिली. मदुराईत एका तरुणाने खरोखरच स्वतःला पेटवून घेतलं. तो वाचला नाही. कोण कुठल्या देशाच्या मुली बंगळुरात रॅम्पवर चालणार म्हणून मदुराईतला एक पोरगा जीव देतो. याचा हिशोब मला आजवर लागलेला नाही.

आणि तोडगा काय निघाला? स्विमसूटची फेरी तेवढी भारतात नको! ती सेशेल्सला झाली. हिंदी महासागरातल्या बेटावर मुलींना नेलं, फेरी उरकली, परत आणलं, आणि २३ नोव्हेंबरला हजारो पोलिसांच्या बंदोबस्तात ग्रीसच्या इरिन स्क्लिव्हाच्या डोक्यावर मुकुट चढला. अंग तेच, पोशाख तोच, फक्त आपल्या हद्दीबाहेर. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी अख्खी स्पर्धाच सेशेल्सला होती आणि जिंकली आपली डायना हेडन. तेव्हा कुणी मोर्चा काढल्याचं मला तरी आठवत नाही. त्याआधी १९९४ला सुश्मिता आणि ऐश्वर्या जिंकल्या, त्या काय नऊवारी नेसून? पण मनिलात आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत जिंकल्या, म्हणून देशाच्या लेकी झाल्या.

बंगळूरच्या त्या स्पर्धेच्या तीस वर्षं मागे जा. १९६६. मूळची गोव्याची, मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. भारताचीच नव्हे, आशियातलीही पहिली. आता वाटेल, त्या काळात स्विमसूटवरून केवढं रण माजलं असेल! जास्त बोभाटा झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. अमेरिकी विनोदवीर बॉब होपच्या ताफ्याबरोबर ती व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपुढे गेली, म्हणजे भारताच्या अलिप्त परराष्ट्र धोरणालाच धक्का! तेवीस वर्षांची पोरगी, एवढं ओझं. वर्ष संपल्यावर तिने सिनेमाला नाही म्हटलं आणि सरळ डॉक्टर झाली. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी बाई ती.

मी या स्पर्धांची भक्त नाही. उंची, बांधा, दात, चाल बघून माणसाला नंबर देणं मला किळसवाणंच वाटतं. पण ते वाटायचं तर आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही वाटायला हवं. 'जरा चालून दाखव गं', 'चष्मा आहे का', 'गाणं येतं का' हे विचारणाऱ्या घरांवर कुठल्या संघटनेने मोर्चा नेला? तिथे पोशाख साडीचा असतो, म्हणून चालतं. आपला आक्षेप मुलीला जोखण्याला नसतोच, कपड्यांना असतो. लग्न झालेल्या बाईला, आईला मिस युनिव्हर्समध्ये उतरताच येत नव्हतं. ती अट आता आता, २०२३ला गेली. या अटीवर आपल्याकडे एक तरी निदर्शन झालं? मला माहीत असलेलं नाही.

२०२५ला तेलंगणात पुन्हा तमाशा झाला. रामप्पा मंदिरात स्थानिक बायकांनी मिस वर्ल्डच्या स्पर्धकांचे पाय धुतले. विरोधी पक्ष म्हणाले तेलंगणाच्या स्त्रीचा अपमान, दुसरी बाजू म्हणाली अतिथी देवो भव. (मला विरोधकांचं पटलं. पाहुणीला तांब्या द्यावा, पाय तिचे ती धुईल.) त्याच स्पर्धेतून मिस इंग्लंड मिला मॅगी मध्येच घरी गेली. मिळालेल्या वागणुकीबद्दल ती उघड बोलली, आयोजकांनी सगळं नाकारलं. आपल्याकडे चर्चा कशाची? भारताची बदनामी झाली याची. ती काय म्हणते हे ऐकण्याआधीच आपण दुखावून मोकळे.

मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थायलंडला मिस युनिव्हर्स. तिथल्या एका बड्या आयोजकाने मेक्सिकोच्या फातिमा बॉशला सगळ्यांसमोर झापलं. ती उलट बोलली, उठली आणि चालू लागली. मागोमाग इतर देशांच्या मुलीही उठल्या, आधीच्या वर्षीची विजेतीसुद्धा. बाहेरून कुणी मोर्चा आणला नव्हता, कुणाची संस्कृती धोक्यात नव्हती. पुढे बॉशच जिंकली, आणि निकालावर लगेच संशयही घेतला गेला. स्विमसूटची फेरी त्याही वर्षी झाली. त्या मुली उठून गेल्या त्या स्विमसूटवरून नाही, चारचौघांत केलेल्या अपमानावरून.