'वर्ग म्हणजे तमाशा नव्हे' या प्रतिक्रियेला उत्तर

सर, एका कॅफेत ओपन माइकला, म्हणजे कुणीही उठून काही मिनिटं अनोळखी लोकांना हसवून बघायच्या कार्यक्रमाला, मी उभी राहिले आणि ती हिंमत वर्गात कशी कामी आली, यावर मी लेख लिहिला होता. त्याखाली आपण लिहिलेलं वाचलं. दोन दिवस मुद्दाम थांबले, लगेच लिहिलं असतं तर वाईट लिहिलं गेलं असतं.

आधी चूक कबूल करते. पन्नासहून अधिक पात्रं एकट्याने उभी करणारे लक्ष्मण देशपांडे नागपूरला शिकवत, असं माझ्याकडून लिहिलं गेलं. ते औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. दुरुस्त केलं आहे.

आता 'बाई, वर्ग म्हणजे तमाशा नव्हे.' बाई मला मुलंही म्हणतात, त्यात माया असते. आपल्या 'बाई'त ती नव्हती. आणि तमाशा ही शिवी नाही, सर. नारायणगावच्या विठाबाई प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. हिंमतीबद्दल बोलताना तो शब्द तरी जपून वापरायचा.

'मुलांपुढे उभं राहायला ज्याला हिंमत लागते त्याने नोकरी सोडावी,' हे आपलं वाक्य मला लागलं. १९ वर्षं गणित शिकवतेय. मुलांपुढे मला कधीच भीती वाटली नाही, आणि लेखात मी तेच तर सांगत होते! हजेरीपट माझ्या हातात, गुण माझ्या हातात. मी हसले की मुलं हसतात. त्या कॅफेत कुणी माझं काही लागत नव्हतं. पहिल्या वाक्याला कुणी हसलं नाही, दुसऱ्यालाही नाही. शेवटचं मिनिट उरल्याचा दिवा समोरून दाखवेपर्यंत मी बोलत राहिले.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, ऋण गुणिले ऋण धन का? 'नियम आहे, पाठ कर,' हे उत्तर मी किती वर्गांना दिलं असेल! त्या रात्रीनंतरच्या सोमवारी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, 'मला नीट सांगता येत नाही, उद्या सांगते.' वर्ग एकदम गप्प. ती शांतता मला सोसली, कारण तिच्याहून मोठी सोसून आले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर (−३) × [२ + (−२)] मांडलं. कंसात शून्य, म्हणून उत्तर शून्य. त्यातला (−३) × २ म्हणजे −६. मग (−३) × (−२) हा +६ असल्याशिवाय बेरीज शून्य होईल कशी? हे शेवटचं मागच्या बाकावरून आलं, मी सांगितलं नाही.

शिस्त, पगार, 'आमच्या काळी' यांवर मी बोलणार नाही. तुमच्या ३० वर्षांच्या नोकरीचा मान आहेच. पण त्या ३० वर्षांत 'मला येत नाही' असं वर्गात किती वेळा म्हणालात, तेवढं मात्र लिहा.