मिस्त्रींच्या हाताखाली

मुलाच्या नव्या शिक्षणाबद्दल सांगायला फोन केला, तर मालवणहून दादाचा पहिला प्रश्न, "पण डिग्री खयची गावतली गो?"

मुलगा इथे अमेरिकेत, सिएटलच्या पलीकडे, पोर्ट हॅडलॉक नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात लाकडी होड्या बांधायला शिकतोय. ही शाळा १९८१ साली बॉब प्रोथेरो या जुन्या मिस्त्रीने काढली. आता तिथे होडीबांधणीबरोबर डिझेल इंजिन, बॅटऱ्या, वायरिंग असं बोटीच्या पोटातलं कामही शिकवतात.

मध्यंतरी मी त्याची कार्यशाळा पाहायला गेले. ओकच्या पट्ट्या वाफेच्या पेटीत ठेवल्या होत्या. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ द्यायची. बाहेर काढली की पट्टी जेमतेम मिनिटभर वाकते, तेवढ्यात ती सांगाड्यात बसवून शिकंजे आवळायचे. मुलाने जोर लावला आणि पट्टी तडकली. शिकवणाऱ्या बाई रागावल्या नाहीत. तुटका तुकडा त्याच्या हातात देऊन लाकडाची रेषा कुठे तिरकी गेली होती, ते त्यांनी बोटाने दाखवलं.

तो तुकडा त्याने घरी आणला. व्हिडिओ कॉलवर आमच्या वाडीतल्या मिस्त्रींना दाखवला, पण तडकलेली बाजू पालथी ठेवून. मिस्त्रींनी चष्मा पुसला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "ह्या हयसून फुटतला." ओक त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. होडीच्या वांकासाठी, म्हणजे सांगाड्याच्या बाकदार फासळीसाठी, मुळातच वाकडी वाढलेली फांदी ते रानात फिरून शोधायचे. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकताना तो नीट बसला की नाही, हे त्यांना ठोक्याच्या आवाजावरून कळायचं. त्यांच्या हाताखालचा शेवटचा मुलगा आता रिक्षा चालवतो.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून हाताचं काम आणि दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभारांकडे शिकणं सुचवलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्यावरून अजून वाद होतो. शिक्षिका असलेली एक मैत्रीण म्हणते, गरिबाच्या पोराच्या हातात पुन्हा रंधा येईल आणि श्रीमंताच्या हातात लॅपटॉप राहील. तिची भीती मला खरी वाटते. १९५३ मध्ये मद्रासमध्ये मुख्यमंत्री राजाजींनी अर्धवेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा बापाची जात पोराच्या गळ्यात बांधताय म्हणून लोक पेटून उठले, आणि त्यांचं बरोबर होतं.

मुलाच्या वर्गात मात्र कुणाच्याच घरी हा धंदा नाही. एक मुलगी नर्सिंग सोडून आली आहे, एक गृहस्थ निवृत्तीनंतर. प्रत्येकाने हे स्वतः निवडलंय. अर्थात फीही जबर आहे. आम्हाला परवडली म्हणून तो तिथे आहे. आपल्याकडे सरकारी आयटीआयमुळे ही फीची अडचण बरीच कमी होऊ शकते, पण तिथे शिल्प निदेशक, म्हणजे हाताचं काम शिकवणारा शिक्षक, व्हायचं तर मिस्त्रींकडे प्रमाणपत्र नाही! ज्याला लाकूड पडद्यावरून वाचता येतं, त्याला आपण वर्गाच्या दारातच अडवतो.

गोव्यात अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' जहाज तयार झालं, तेव्हा इथल्या आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. ते केरळच्या बाबू शंकरन् या जहाज बांधणाऱ्या मिस्त्रींच्या हातांमुळे उभं राहिलं. त्यांच्यासारख्यांना दहा दिवसांचे पाहुणे म्हणून बोलावून काय होणार? दहा दिवसांत रंध्यावर हातसुद्धा बसत नाही. मालवण, देवगड, रत्नागिरीच्या आयटीआयत त्यांना पूर्ण पगारावर, प्रमाणपत्र न मागता घ्या. वर्ग कुठल्याही जातीच्या मुला-मुलींना सारखाच खुला ठेवा आणि पहिल्या वर्षाला एक होडी पाण्यात उतरवायला लावा.

दादाला मी एवढंच म्हटलं, तालुक्याच्या आयटीआयत जाऊन ये आणि मिस्त्रींना सोबत ने. ते पंचाहत्तरीचे आहेत.