आमच्या पबच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

बाबांचं डोकं तुळईला आपटलं हे वाचून फार वाईट वाटलं. आता बरे आहेत ना?

बाकी तुम्ही लिहिलंय की जमीन तिरकी, आत अंधार, भिंतींना पोपडे, आणि "जुनेपणाच्या नावाखाली मालक खर्च वाचवतात." हे शेवटचं मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुळया खाली आहेत त्या पूर्वीची माणसं बुटकी होती म्हणून नव्हे. इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या, बऱ्याच जुन्या घरांसारखं हेही मुळात थेट छपरापर्यंत उघडं होतं. जमिनीवरच जाळ करायचे, धूर छपरातून जायचा. माळ्यावरचे वासे अजून काजळीने काळे आहेत, बोट फिरवलं की काळं होतं. पुढे १६ व्या शतकात विटांची चिमणी बांधली, धुराचा प्रश्न मिटला आणि मध्ये मजला घातला. त्याच्याच या तुळया.

जमिनीचं म्हणाल तर हा ओकचा सांगाडा लाकूड ओलं असतानाच सांधून लाकडी खुंट्यांनी जखडलाय. वाळताना ओक पिळवटतो, घर कलतं आणि तसंच स्थिरावतं. आता जबरदस्तीने सरळ करायला गेलं तर सांधे फुटतील.

भिंती आपल्या कोकणातल्या कुडासारख्या आहेत: काठ्यांची वीण, त्यावर माती, शेण, पेंढ्याचं लिंपण आणि वरून चुना. चुना ओल बाहेर सोडतो, म्हणून पोपडे धरतात आणि पुन्हा हात द्यावा लागतो. आमच्या आधी कुणीतरी मागच्या भिंतीला सिमेंट थापलं होतं. आम्ही ते काढलं तेव्हा आतली ओल अडकून खालची आडवी तुळई कुजली होती, बोटाने भुगा पडत होता. ती बदलून पूर्ण भिंत चुन्यात केली. हे काम सिमेंटपेक्षा महाग आणि कितीतरी सावकाश होतं. खर्च वाचवायचा असता तर सिमेंटच ठेवलं असतं.

खिडक्या मोठ्या करणं आमच्या हातात नाही. इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे; कौन्सिलच्या परवानगीशिवाय असा बदल करणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि खरं सांगतो, परवानगी मिळाली तरी शिशाच्या पट्ट्यांतल्या त्या काचा मी काढणार नाही.

मागची खोली व्हिक्टोरियन काळातली, उंच छताची आणि उजेडाची आहे. बाबांना घेऊन याल तेव्हा आधी फोन करा, तिथलं टेबल राखून ठेवतो. तुम्हाला वासे बघायचे असतील तर दुपारी तीननंतर या, शिडी लावून देतो.