ओळ पुसली, पोस्टमॅप कोण करणार?

५ दिवस! आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला मेलनं पाठवलेली बिलं ५ दिवस मेल सर्व्हरच्या रांगेत पडून राहिली आणि सर्व्हरनं चकार शब्द काढला नाही. काल सकाळी मेल बाउन्स होऊन परत यायला लागले तेव्हा कळलं. अकाउंट्सच्या मॅडम थेट माझ्या टेबलाशी. "अहो, सेंटमध्ये तर दिसतंय!" सेंटमध्ये दिसलं म्हणजे पोचलं असं नसतं, हे सांगून सांगून माझा घसा सुकलाय.

जुना रिले (आमचे मेल पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) बंद होणार म्हणून गेल्या आठवड्यात पोस्टफिक्समध्ये, म्हणजे आमच्या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये, नियम घातला. अकाउंट्सच्या पत्त्यावरून जाणारे मेल नव्या रिलेनं, बाकीचे थेट. सेंडर डिपेंडंट रिलेहोस्ट मॅप (कुणाचा मेल कुठल्या रिलेनं जाणार याची यादी) लिहिला, पोस्टमॅप केलं (म्हणजे त्या टेक्स्ट फाइलीतून पोस्टफिक्स वाचतं ती डीबी फाइल बनवली), रीलोड केलं, जीमेलवर पाठवून पाहिलं. पोचलं. सगळ्यांना पोचत होतं, फक्त ज्याच्याकडून पैसे यायचेत त्यालाच नाही!

लॉग उघडला तर त्या गिऱ्हाइकाचा प्रत्येक मेल मेलेल्या रिलेच्या आयपीवर डोकं आपटतोय. कनेक्शन टाइम्ड आउट. मेन डॉट सीएफ या मुख्य सेटिंग फाइलमध्ये तो आयपी नाही. कुठल्या डोमेनचा मेल कुठं पाठवायचा ते सांगणाऱ्या ट्रान्सपोर्ट फाइलमध्ये नाही. नव्या रिलेच्या सपोर्टला फोन केला तर म्हणे, "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा." काहीही विचारा, रीस्टार्ट! लॉगची एक ओळ तरी वाचा ना आधी!

रात्री ११ वाजता टेक्स्ट फाइल बाजूला ठेवली आणि पोस्टमॅप मायनस क्यू लावून थेट ट्रान्सपोर्टच्या डीबीलाच विचारलं. निघाला आयपी! कुणीतरी कधीकाळी त्या गिऱ्हाइकाच्या डोमेनची ओळ फाइलीतून पुसली आणि पोस्टमॅप न करता घरी गेला. डीबीत ओळ जिवंत. आणि ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये घेणाऱ्याचं डोमेन सापडलं की पाठवणाऱ्याच्या नियमाला विचारतो कोण? जुना रिले चालू होता तोवर कुणाला पत्ताच लागला नाही. 'डेटाबेस सोर्स फाइलपेक्षा जुना आहे' ही वॉर्निंग लॉगमध्ये पडत होती. कुणीही वाचली नाही. मीही नाही, आणि त्याचा मला जास्त राग येतोय.

कुठं एक कॉमेंट नाही, तारीख नाही. फोल्डरमध्ये ट्रान्सपोर्ट डॉट ओल्ड, डॉट बॅक, डॉट बॅक २, डॉट फायनल. अरे, ओळ का घातली, का काढली, एवढं लिहायला किती वेळ लागतो?

आणि पोस्टफिक्सचं ते डिले वॉर्निंग टाइम! मुळात शून्य, म्हणजे मेल अडकलाय हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. रांगेची मुदत मात्र ५ दिवस. धंद्यात ५ दिवस म्हणजे काय, हे त्या बिलांना विचारा. मी आता ४ तास करून ठेवलंय.

गिऱ्हाइकाचा माणूस म्हणतो, २५ तारखेनंतर आलेलं बिल पुढच्या महिन्यात. मॅडम सकाळपासून १७ बिलांच्या प्रिंटा काढून कुरिअरची पाकिटं भरतायत.