एका प्रतिक्रियेला उत्तर: आईने राजकारणात नाक का खुपसावं?

काका, नमस्कार.

काका म्हणते, कारण माझ्या वडिलांच्या वयाचे आहात असं तुम्हीच लिहिलंय. तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचून मग रागावला आहात. एवढे कष्ट हल्ली कुणी घेत नाही, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय, ऐतिहासिक म्हणवणाऱ्या एका सिनेमातली मारधाड आणि या दोन्हींवरून आमच्या घरात झालेली वादावादी, असं सगळं एकत्र लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं: घरसंसारावर लिहिणाऱ्या बाईने घरसंसारावर लिहावं, राजकारण आणि सिनेमा जाणकारांवर सोडावा. मुलांदेखत राजकारण बोलणं म्हणजे कोवळ्या मनात विष कालवणं. आणि त्यांच्या घरी राजकारण कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही, तरी मुलं उत्तम निघाली. माझी वाक्यं लांबतात अशीही एक तक्रार आहे. तिच्याबद्दल आज बोलत नाही, कारण हे उत्तरही लांबणार आहे.

सरमिसळीपासून सुरुवात करते. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिचं 'इतिहास व राज्यशास्त्र' हे पुस्तक जमलं तर एकदा चाळून बघा. त्यात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा एक धडा आहे आणि थोडी पानं पुढे गेलात की 'राजकीय पक्ष' असा दुसरा. नाटक-सिनेमा आणि पक्ष-निवडणुका एकाच पुठ्ठ्यात बांधून राज्य मंडळाने पंधरा वर्षांच्या पोरांच्या हाती दिल्या आहेत, आणि त्यावर परीक्षाही घेतात. तिचा अभ्यास घ्यायला बसलं की मला दोन्हींवर बोलावंच लागतं. तिथे 'हा धडा जाणकारांवर सोड' असं कसं सांगू?

राजकारण मी घरात आणलं, हेही मला पटत नाही. ते आधीच आलेलं असतं, आणि अगदी आतल्या खोलीपर्यंत आलेलं असतं. मुलाचं नाव कसं लिहायचं यापेक्षा घरगुती गोष्ट दुसरी कुठली असेल? २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. माझी दोन्ही मुलं त्याच्या बरीच आधीची, त्यामुळे त्यांच्या कागदांवर मी नावाच्या ओळीत नाही. मला हा निर्णय आवडला. माझ्या सासूबाईंना तो मुळीच आवडला नाही, आणि त्यांची कारणं मी ऐकून घेतली आहेत. पण 'हे राजकारण आहे, आपण यावर बोलायला नको' असं आम्हा दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

हिंदीचंही तसंच. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला: मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. तोवर ती पाचवीपासून होती. १७ जूनला दुरुस्ती आली. 'अनिवार्य' शब्द गेला, पण हिंदी सर्वसाधारणपणे राहिलीच, आणि दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातली किमान २० मुलं तरी ती मागणारी हवीत अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. माझा धाकटा त्याच जूनमध्ये पहिलीत गेला. शाळा सुरू झाली तरी त्याला भाषा दोन की तीन हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं, आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि बहुधा ठरवणाऱ्यांनाही नव्हतं. या काळात पालकाने मत बनवू नये, तर मग केव्हा बनवावं?

आता अधिकाराचा मुद्दा. तुम्ही विचारलंत, 'सर्वसामान्य पालकाला या विषयांत मत देण्याचा अधिकार कोणी दिला?' प्रश्न टोमणा म्हणून टाकलात, पण त्याला सरळ उत्तर आहे. कायद्याने दिला.

सिनेमाचंच घ्या. पूर्वी यू, यूए आणि ए अशी प्रमाणपत्रं होती आणि यूए म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली, एवढं मोघम होतं. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. वर्तमानपत्रांत इथपर्यंत आलं. पण त्याच दुरुस्तीत असंही आहे की ही वयाची खूण पालकांच्या माहितीसाठी आहे आणि पालकांखेरीज इतर कुणालाही तिची सक्ती करता येणार नाही. म्हणजे 'ए' असेल तर दारावरचा माणूस मुलाला अडवू शकतो. यूए १६+ असेल तर तो काही करू शकत नाही, कितीही लहान मूल कडेवर असलं तरी. ते आत न्यायचं की नाही, हा निर्णय पूर्णपणे माझा.

मी ज्या सिनेमाबद्दल लिहिलं होतं, त्यावर १६+ ची खूण होती. मुलगी पंधराची. खुणेच्या हिशोबाने एक वर्ष कमी, तरी मी तिला नेलं, कारण त्यातले सगळ्यात रक्तबंबाळ तुकडे तिने मैत्रिणींच्या मोबाइलवर आधीच पाहिले होते, मागचं-पुढचं काहीही न कळता. धाकट्याला आजीकडे ठेवलं. आमच्या मागच्या रांगेत मात्र एक जेमतेम चारेक वर्षांचं पोर होतं, ते मध्यंतरानंतर सबंध वेळ रडत होतं आणि वडील त्याला 'बघ, शूर कसे असतात' सांगत होते. त्या वडिलांनी कायदा मोडला नाही. मीही मोडला नाही. फरक काय तो मतांचा, आणि त्या पोराच्या झोपेवर त्या मताचाच परिणाम होणार. तेव्हा काका, सिनेमांना प्रमाणपत्र देणारं केंद्रीय मंडळ खूण करून मोकळं होतं आणि शेवटचं परीक्षण घरात होतं. ते करणाऱ्या माणसाला सिनेमावर मत नसावं, ही अपेक्षाच मला अजब वाटते.

शाळेत तर कायदा याहून पुढे जातो. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवायची, विकास आराखडा बनवायचा, अनुदान कसं वापरलं जातंय ते बघायचं, ही त्यांची कामं. पालकाचं शिक्षण किती असावं याची अट त्या कलमात नाही. संसदेने २००९ मध्ये अंगठा उठवणाऱ्या आईलासुद्धा शाळेच्या पैशांवर नजर ठेवायला लायक मानलं. प्रत्यक्षात पुष्कळ समित्या सह्यांपुरत्या उरतात, ते मी नाकारत नाही. पण त्या तशा उरतात त्याचं एक कारण, 'आपल्याला काय कळतंय' ही सवय. ती सवय मला तुमच्या प्रतिक्रियेत दिसली, म्हणून मी एवढी पेटले.

आता 'आमच्या वेळी'. तुमच्या घरी राजकारण नव्हतं, असं तुम्ही म्हणता. दूरदर्शन होतं ना? १९८४ मध्ये 'हम लोग' लागायचं. मीही ते आईकडून भरपूर ऐकलंय. मेक्सिकोमध्ये मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला होता, तो नमुना पुढे ठेवून सरकारी वाहिनीने ही मालिका आणली. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे. तुमच्या बैठकीच्या खोलीत, मुलाबाळांदेखत, किती मुलं असावीत आणि घरात बायकांशी कसं वागावं यावर सरकार कथेच्या आडून बोलत होतं. मला त्यात वाईट काही वाटत नाही, बरंच चांगलंच वाटतं. पण ते राजकारण नव्हतं असं कसं म्हणायचं? फक्त निवड तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी केलेली होती. वाहिनी एकच, बातम्या त्याच, मालिका तीच. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, पुढे मोबाइल आला आणि ती निवड हळूहळू आई-बापांच्या गळ्यात पडली. तुमच्या पिढीला मत बनवायची गरज कमी पडली, यात तुमचा दोष नाही. आम्हाला पडते, यात आमचा आगाऊपणा नाही.

राहता राहिलं विष. हा तुमचा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण ज्याची भीती तुम्हाला वाटते ते मी बघितलंय. सात-आठ वर्षांची मुलं एखाद्या नेत्याचं नाव निघालं की मोठ्यांच्या तोंडची शिवी जशीच्या तशी म्हणतात आणि मोठे कौतुकाने हसतात. एखाद्या समाजाबद्दल घरात जे कुजबुजलं जातं ते शाळेच्या बाकावर मोठ्याने बोललं जातं. हे विषच आहे, इथे आपलं एकमत.

पण हे कुठल्या घरांतून येतं ते बघा. माझ्या पाहण्यातल्या या घरांत चर्चा होत नाही. एकच माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. मूल तिथे मत शिकत नाही, फक्त बाजू शिकतं.

आमच्याकडे हिंदीवरून नवरा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला होतो. त्याचं म्हणणं, लिपी तीच आहे, लहान वयात भाषा पटकन येते, पुढे नोकरीसाठी फिरताना उपयोग होतो. माझं म्हणणं, कानाने भाषा येणं वेगळं आणि सहाव्या वर्षी तिसरं पाठ्यपुस्तक वेगळं. मराठी जोडाक्षरांशीच अजून झटापट चालू आहे. आणि हिंदी तर धाकटा कार्टून बघून कुठल्याही शासन निर्णयाशिवाय फाडफाड बोलतो, आम्हाला नको असलेल्या शब्दांसकट. मुलगी दोघांची उलटतपासणी घेत होती. 'बाबा, मग तुम्ही पाचवीपासून शिकूनही गाडीत तिकीट तपासनीसाशी मराठीतच का भांडलात?' आणि मला, 'आई, मग इंग्रजी पहिलीपासून चालते, तेव्हा तू का नाही बोललीस?' दुसऱ्या प्रश्नाचं धड उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. नवऱ्याचं मत बदललं नाही, माझंही नाही. जेवणं मात्र वेळेवर झाली. मुलांनी नेमकं हेच बघावं असं मला वाटतं. आम्ही कुणाला मत देतो ते मात्र मुलांना सांगत नाही, एकमेकांनाही सांगत नाही.

आणखी एक विचार करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येकजण बालक आहे. त्याची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकांची पडताळता येणारी संमती घ्यायची. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. हेतू चांगला आहे. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांच्यावर जाहिराती मारायला बंदी आहे, ते तर मला फारच आवडलं. पण सहा वर्षांचा धाकटा आणि उद्याची सतरा वर्षांची मोठी एकाच रांगेत बसवली आहेत, हे काही पटत नाही. दुसरीकडे निवडणूक आयोग सतरा पूर्ण झालेल्यांकडून मतदार नोंदणीचे अर्ज आगाऊ घेतो. म्हणजे मुलगी एका हाताने मतदार यादीचा अर्ज भरेल आणि दुसऱ्या हाताने एखादं अ‍ॅप वापरायला माझी परवानगी मागेल. अठरा पूर्ण होऊन यादीत नाव आलं की ती थेट खासदार निवडायला मोकळी. मधल्या काळात प्रश्न विचारायचा, चुकीचं बोलून खोडून घ्यायचा, मत बदलायचा सराव तिने कुठे करावा? शाळेत राज्यशास्त्राच्या पाठांतराला मार्क आहेत, वादाला नाहीत. मोबाइलवर वाद आहे, पण तिथे कुणी थांबून ऐकत नाही. मग घरच उरतं.

बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याचं बारावं कलमही असंच आहे: मुलाशी संबंधित बाबींत त्याला आपलं मत मांडता यावं आणि वयानुसार त्या मताला वजन मिळावं. वयानुसार, हा त्यातला महत्त्वाचा भाग. धाकट्यासमोर आम्ही युद्धाच्या बातम्या लावत नाही. मोठी विचारते तेव्हा टाळत नाही. ही रेघ कुठे ओढायची ते रोज नव्याने ठरतं आणि त्यावरूनही आमच्यात कुरबुरी होतात.

शेवटी तुम्ही विचारलंय, 'तुम्ही नक्की कुठल्या पक्षाच्या?' नवऱ्याला सांगत नाही ते तुम्हाला कसं सांगू! पण माझाही तुम्हाला एक प्रश्न आहे. एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, त्यात नातवंडं दोन आहेत आणि एक पुढच्या वर्षी शाळेत जाईल असा उल्लेख आहे. त्या नातवंडाला पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, याबद्दल मात्र एक ओळही नाही. काही मत असेलच. ते लिहा, आणि घरी सूनबाईंचं काय म्हणणं आहे तेही विचारून लिहा.