मग भंगारवाला काय वेडा आहे?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला: 'लिथियम बॅटरीचं रिसायकलिंग होतच नाही, सगळ्या देवनारच्या कचराभूमीत पुरतात. धातू काढायला खाणीपेक्षा जास्त खर्च, आणि निघतो तो दुय्यम. इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ नका.' खाली एका काकांचे जोडलेले हात.

होतच नाही? लॅमिंग्टन रोडला फोनची बॅटरी बदलायला गेले होते. दुकानदाराने जुनी, उशीसारखी टम्म फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यात टाकली. 'किलोवर जातात,' म्हणाला. आत काहीच नसतं तर भंगारवाल्याने पैसे कशाला मोजले असते? कारखान्यात आधी उरलासुरला चार्ज उतरवतात, मग सेल दळतात. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचे तुकडे बाजूला निघतात, उरते काळी भुकटी. धंद्यात तिला 'ब्लॅक मास' म्हणतात. ती गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवून एकेक धातू वेगळा करतात: कोबाल्ट, निकेल सल्फेटच्या रूपात, लिथियम बहुधा शेवटी, कार्बोनेट म्हणून.

दुय्यम म्हणाल, तर कोबाल्ट हे मूलद्रव्य आहे. हजारदा चार्ज करा, अणू झिजत नाही. बिघडते ती आतली रचना. आजीच्या पाटल्या आटवल्या म्हणून सोनं दुय्यम होतं का? (सोनार घट कापतो, ते वेगळं.)

खर्चाबद्दल फॉरवर्ड अर्धा खरा आहे. फोनच्या बॅटरीत बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं, त्यात वजनाने सुमारे 60 टक्के कोबाल्ट. खाणीतल्या दगडात बहुतेक ठिकाणी एक टक्काही नसतं. पण लोह-फॉस्फेट या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीत कोबाल्टही नाही, निकेलही नाही, त्यामुळे तिथे सुटणारा पैसा थोडा. आणि भट्टीत वितळवण्याच्या पद्धतीत लिथियम भट्टीच्या टाकाऊ मळीत जातं. एवढंच लिहिलं असतं तर मीही हात जोडले असते.

राहिलं देवनार. मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो, हे मुलुंडकरांना तरी ठाऊक हवं. 2022 च्या नियमांनी बॅटरी पुरायला आणि जाळायला बंदी आहे. जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे. तरी जुनी पॉवर बँक ओल्या कचऱ्यात टाकणारे आपणच, आणि गाडीत कचरा दाबला जाताना ती पेट घेऊ शकते.

काकांच्या खणात तीन जुने फोन आहेत. रविवारी खाली आणा म्हटलंय.